गिझर घेण्याआधी बादली आणि घड्याळ: मुंबईच्या घरात गरम पाण्याला चांगली धार हवी तर

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा हवा?" तो प्रश्न योग्य आहे, पण त्याची वेळ नंतर येते. गिझर पाणी तापवतो, ढकलत नाही. धार येते ती गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून. मग ती डाउनटेकमध्ये (टाकीतून खाली उतरणाऱ्या मुख्य पाइपात), भिंतीतल्या पाइपात आणि वाटेतल्या चार-पाच व्हॉल्व्हमध्ये थोडीथोडी खर्च होते. शॉवरपर्यंत जे उरतं तेच तुमच्या अंगावर पडतं. म्हणून आधी धार मोजायची, मग ती कुठे अडते ते शोधायचं, आणि त्यानंतर गिझर निवडायचा. हा क्रम उलटा झाला की महागडा गिझर बसतो आणि शॉवर तसाच रडत राहतो.

पायरी १: टाकी तुमच्या डोक्यावर किती उंच आहे

मुंबईतल्या बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी आधी तळातल्या सक्शन टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि डाउनटेकने घरोघरी उतरतं. महापालिकेच्या लाइनचा दाब फक्त सक्शन टाकीपर्यंत. तुमच्या बाथरूममध्ये दाब असतो तो निव्वळ उंचीचा. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ १ बार. एक मजला साधारण ३ मीटरचा, म्हणजे दर मजल्यामागे ०.३ बार.

सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीवर जाऊन टाकी बघा. ती जिन्याच्या डोक्यावर किंवा लिफ्टच्या खोलीवर चढवलेली असेल तर शॉवरच्या वर ३ ते ५ मीटर पाणी मिळतं, म्हणजे ०.३ ते ०.५ बार. टाकी थेट गच्चीच्या स्लॅबवर टेकलेली असेल तर जेमतेम २ मीटर. सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हाच आकडा २ बारच्या आसपास जातो. वीस मजली टॉवरमध्ये खालच्या घरांवर ६ बार येऊ शकतो, म्हणून तिथे शाफ्टमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, ज्याला प्लंबर पीआरव्ही म्हणतात, तो बसवलेला असतो.

दोन्ही टोकांची काळजी वेगळी असते. वरच्या मजल्यावर प्रश्न धारेचा, खालच्या मजल्यावर गिझरची टाकी फुटू नये याचा. टॉवरमधल्या घराला ८ बारचा, म्हणजे डब्यावर "०.८ एमपीए" लिहिलेला गिझरच घ्यावा. पीआरव्ही कधी तरी बिघडतोच, आणि तो बिघडला की पूर्ण दाब तुमच्या गिझरवर येतो.

चाळीत किंवा बैठ्या घरात मोरीच्या माळ्यावर स्वतःची टाकी ठेवली असेल तर नळाच्या वर दीड-दोन मीटर एवढाच जोर असतो. तिथे गिझर टाकीच्या पातळीच्या खालीच हवा. माळ्यावर टाकीशेजारी ठेवलेला गिझर टाकी अर्धी झाली की भरतच नाही.

पायरी २: बादली भरा

दहा लिटरच्या खुणेची बादली आणि फोनवरचं घड्याळ घ्या. बाथरूमचा थंड पाण्याचा नळ पूर्ण उघडून दहा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ६० सेकंद म्हणजे मिनिटाला १० लिटर. १२० सेकंद म्हणजे ५ लिटर. सकाळी सातला, इमारतभर नळ चालू असताना एकदा, आणि दुपारी एकदा, असं दोनदा मोजा.

अंदाजासाठी हे आकडे लक्षात ठेवा. हँड शॉवर मिनिटाला ६ ते ८ लिटरमध्ये समाधानाने चालतो. साध्या शॉवरला ८ ते १० लागतात. आठ-दहा इंची रेन शॉवरला १२ ते १५ लिटर आणि निदान १ बार दाब लागतो. वरच्या मजल्यावर तो पंपाशिवाय बसवला तर पाऊस पडत नाही, मधल्या भोकांतून नुसतं ठिबकतं.

जमलं तर अर्धा इंची आट्याचं प्रेशर गेज आणून नळाला लावा. सगळे नळ बंद असताना काटा जिथे थांबतो तो स्थिर दाब. आता घरातला दुसरा नळ पूर्ण उघडा आणि काटा बघा. स्थिर दाबच कमी असेल तर दुखणं उंचीचं आहे: टाकी चढवणं किंवा पंप, एवढेच उपाय. स्थिर दाब चांगला आहे, पण नळ उघडताच काटा धाडकन खाली येतो, तर वाटेत कुठे तरी चोकअप आहे किंवा पाइप बारीक आहे. ही एक चाचणी केली की निम्मा अनावश्यक खर्च वाचतो, कारण दुसऱ्या प्रकारच्या घरात पंप लावणं म्हणजे तुंबलेल्या नळीत जोराने फुंकणं.

सकाळी धार पडते आणि दुपारी सुधारते, असं असेल तर डाउनटेक कमी पडतेय. जुन्या इमारतींत एकाच डाउनटेकवर सगळे मजले असतात. खालच्यांनी नळ उघडले की वरच्या घराचा नळ पाण्याऐवजी हवा ओढतो. वरच्या मजल्यासाठी टाकीपासून वेगळी डाउनटेक, सव्वा किंवा दीड इंची, आणि टाकीजवळ तिला उघडा एअर व्हेंट (हवा सुटायची नळी), एवढं सोसायटीकडून करून घेता आलं तर घरात काही न बदलता फरक पडतो. डाउनटेक जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची असेल तर आत गंज साचून भोक किती उरलंय हे बाहेरून कळत नाही. एखादा तुकडा कापला की दिसतं.

पायरी ३: भिंतीतला पाइप आणि वाटेतली भोकं

बाथरूम नव्याने करत असाल तर हा भाग दोनदा वाचा. टाइल बसल्यावर इथे हात घालता येत नाही.

सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) अर्धा इंची पाइपाचं आतलं भोक साधारण १२ मिमी असतं, पाऊण इंचीचं साधारण १८. फरक फक्त दीडपट वाटतो. पण मिनिटाला ८ लिटर पाणी १० मीटर लांब अर्धा इंची पाइपातून नेलं तर जवळपास १.४ मीटर उंचीइतका दाब घर्षणातच जातो. पाऊण इंचीतून तेच पाणी नेताना सुमारे २० सेंटिमीटर जातो. खालच्या मजल्यावर २० मीटर हातात असतात, तिथे दीड मीटर गेला तरी कळत नाही. वरच्या मजल्यावर एकूण पुंजीच ३ मीटरची, त्यातला अर्धा भाग पाइपाने खाल्ला. म्हणून घरात शिरणारी मुख्य लाइन एक इंची, बाथरूमपर्यंत आणि गिझरपर्यंत पाऊण इंची, आणि फक्त शेवटचा हातभर भाग अर्धा इंची, असं प्लंबरला आधीच सांगून ठेवा. गरम लाइनलाही पाऊण इंचीच. "गरमला अर्धा पुरतो" हे वाक्य बऱ्याच घरांतल्या रडक्या शॉवरचं मूळ आहे.

एल्बो, म्हणजे पाइपाची काटकोनी वळणं, कमीत कमी ठेवा. सीपीव्हीसी जोडताना सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचा द्रव) पाइपाच्या बाहेरून सगळीकडे सारखं आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं. फिटिंगच्या आत भरभरून लावलं तर ते पुढे सरकून भोकात गाठ बनतं आणि कायमचं तिथेच बसतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना तिचं टोक भोकावर येऊ देऊ नका. पहिल्या दिवशी सुटलेली ती पट्टी महिन्याभराने मिक्सरच्या जाळीत सापडते.

आता गिझरच्या तोंडाशी असलेला कनेक्शन पाइप. हा स्टीलच्या जाळीचा, अर्धा इंची नटाचा पाइप दुकानात उचलाल तेव्हा त्याच्या टोकातून आत बघा. नट अर्धा इंची असला तरी आतली रबरी नळी बहुतेक वेळा ८ मिमीच्या आसपास असते. खिशात पेन्सिल ठेवा आणि टोकात घालून पाहा. पेन्सिल घट्ट बसत असेल तर तो पाइप वरच्या मजल्यासाठी नको. वळ्यावळ्यांचा स्टेनलेस स्टीलचा लवचीक पाइप मिळतो, त्याचं भोक बरंच मोठं असतं. असे दोन पाइप, एक थंडाचा आणि एक गरमाचा, एकाच वाटेत असतात, म्हणून इथली कंजुषी दुप्पट भोवते.

मिक्सर निवडताना दाब लक्षात घ्या. एक दांडीचा सिंगल लिव्हर आणि भिंतीतला डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा) दिसायला सुरेख, पण दोन्हींची आतली वाट अरुंद. अर्ध्या बारच्या खाली दोन चाव्यांचा साधा वॉल मिक्सर अधिक पाणी देतो. डायव्हर्टरच हवा असेल तर "हाय फ्लो" प्रकारचाच मागा आणि डब्यावर किमान दाब किती लिहिलाय ते वाचा. थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप सारखं ठेवणारा, १ बारच्या खाली घेऊ नये.

पायरी ४: आता लिटर

मुंबईत नळाचं पाणी वर्षातला बराच काळ २५ ते २८ अंशांवर असतं, जानेवारीच्या पहाटे २०–२२ पर्यंत उतरतं. अंघोळीला ४० अंश पुरतात. गिझर ६० वर ठेवला आणि येणारं पाणी २४ अंशांचं असेल तर मिश्रणात गरम पाणी साधारण ४४ टक्के लागतं. टाकीतलं सगळं पाणी मात्र गरम मिळत नाही: खालून थंड शिरतं आणि शेवटचा पाचवा हिस्सा कोमट होतो. तेवढं वजा केलं तर हिशेब असा:

१० लिटरचा गिझर: ४० अंशांचं सुमारे १८ लिटर, म्हणजे एक बादली.
१५ लिटर: सुमारे २७ लिटर, दीड बादली.
२५ लिटर: सुमारे ४५ लिटर.
५० लिटर: सुमारे ९० लिटर.

२ किलोवॅटच्या एलिमेंटला (गिझरमधल्या पाणी तापवणाऱ्या कांडीला) २४ वरून ६० अंशांवर जायला १५ लिटरसाठी २० मिनिटं, २५ लिटरसाठी अर्धा तास लागतो. एका वेळेला वीज अनुक्रमे सुमारे ०.६ आणि १ युनिट.

बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटर छान पुरतो, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं की झालं. शॉवर असेल तर गणित धारेवर अवलंबून राहतं. मिनिटाला ८ लिटरने सहा मिनिटं म्हणजे ४८ लिटर; २५ लिटरचा गिझर एका माणसाला पुरतो, दुसऱ्याला थांबावं लागतं. १२ लिटरच्या रेन शॉवरखाली तोच २५ लिटरचा गिझर चार मिनिटांत थंड पडतो. म्हणून पंप लावून धार वाढवणार असाल तर गिझरचे लिटरही त्याच वेळी वाढवा, नाहीतर एक तक्रार जाऊन दुसरी येते.

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण लहान बाथरूममुळे तो सर्रास घेतला जातो. ३ किलोवॅटचा एलिमेंट चालत्या पाण्याला किती तापवू शकतो याला मर्यादा आहे: १५ अंश वाढ हवी तर मिनिटाला २.९ लिटर. ८ लिटरच्या शॉवरला तो फक्त पाच-साडेपाच अंश वाढ देतो, म्हणजे २४ चं पाणी २९ वर. तो गिझर खराब नाही, त्याचं काम वेगळं आहे: किचनच्या सिंकला, बेसिनला, किंवा बारीक धारेने चार-पाच मिनिटांत एक बादली भरायला. शॉवरसाठी घेऊ नका. ४.५ किलोवॅटचाही येतो, पण त्याला सुमारे २० अँपिअर लागतात. जुन्या घरातली १६ अँपिअरची लाइन त्यासाठी नाही.

उभा की आडवा? जागा असेल तर उभा. उभ्या टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली असं नीट वेगळं राहतं. आडवा फॉल्स सीलिंगच्या वर मावतो, पण त्याच लिटरमध्ये थोडं कमी गरम पाणी देतो, म्हणून आडवा घेताना एक माप मोठा घ्या. आडव्यात डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे प्रकार असतात. पाइपाची तोंडं कुठल्या भिंतीला आहेत ते बघून ऑर्डर द्या. बीईईच्या (सरकारच्या ऊर्जाबचत विभागाच्या) लेबलवर तारे असतात आणि २४ तासांत टाकी उभ्याउभ्या किती वीज गमावते तेही. गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात तारे मोलाचे, अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घरात फरक थोडा.

पाणी कुठलं आहे तेही विचारा. तानसा, भातसा, वैतरणासारख्या धरणांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं, त्याने क्षार फारसे धरत नाहीत. सोसायटी बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर कठीणपणा तपासून घ्या. लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर काचेच्या लेपाची टाकी, इन्कोलॉय (गंज न धरणाऱ्या मिश्रधातूचा) एलिमेंट आणि बदलता येणारा मॅग्नेशियम अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी), एवढं असलेलाच गिझर घ्या, आणि तापमान ५५ वर ठेवा.

गॅस गिझर घ्यावा का

धारेच्या दृष्टीने गॅस गिझर जोरात आहे. मिनिटाला ६ लिटरवाला २५ अंश वाढ देतो, म्हणजे सुमारे साडेदहा किलोवॅट, दोन किलोवॅटच्या विजेच्या गिझरच्या पाचपट. पाणी संपत नाही. पण दोन अटी आहेत. पाणी पुरेशा वेगाने वाहिलं तरच आतला पडदा दबून गॅस सुरू होतो. कमी दाबाच्या घरात तो पेटतो-विझतो आणि अंगावर गरम-थंड असं येत राहतं. दुसरी अट हवेची, आणि इथे तडजोड नाही. गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीच बसवायचा नाही. बंद बाथरूममध्ये जळण अपुरं होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि दार उघडायची ताकद राहत नाही. माणसं अशाने गेली आहेत. गिझर युटिलिटी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी, त्याचा धूर पाइपाने बाहेर, आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप: एवढं जमत नसेल तर विजेचाच घ्या.

पाइप गॅस असेल तर पीएनजीचाच गिझर हवा. सिलिंडरचा आणि पीएनजीचा जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) वेगळा असतो. पीएनजीचा गिझर सिलिंडरला जोडला तर ज्योत धोकादायक मोठी होते, उलट केलं तर पाणी कोमटच राहतं. पाइपलाइनला फाटा महानगर गॅसकडून किंवा त्यांच्या अधिकृत माणसाकडूनच घ्यावा, ओळखीच्या प्लंबरकडून नाही.

पायरी ५: पंप लागतोच असेल तर

स्थिर दाब अर्ध्या बारच्या खाली आहे आणि पाइप मोकळे आहेत हे पक्कं झाल्यावरच पंपाकडे या. एका फ्लॅटला ०.८ ते १ बार वाढवणारा, नळ उघडताच आपोआप चालू होणारा छोटा इनलाइन पंप पुरतो. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे. हा पंप गच्चीच्या टाकीकडून येणाऱ्या लाइनवरच बसतो, आणि सोसायटीला सांगून. डाउनटेक सामायिक असेल तर तुमचा पंप शेजाऱ्याचं पाणी ओढतो आणि त्यातून भांडण होतं.

जागा महत्त्वाची. पंप घराच्या मुख्य स्टॉप कॉकच्या नंतर आणि थंड-गरम लाइन वेगळ्या होण्याआधी हवा. केवळ थंड लाइनवर लावला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरमाला मागे रेटतं: चावी अर्धी फिरवली की एकदम थंड, थोडी आणखी फिरवली की चटका. दोन्ही बाजूंना सारखा दाब असणं हे चांगल्या शॉवरचं निम्मं काम आहे. पंपाखाली रबराचा पॅड, दोन्ही बाजूंना युनियन (सहज सुटणारा जोड) आणि एक बायपास (पंपाला वळसा घालणारा पाइप) ठेवा, म्हणजे पंप दुरुस्तीला गेला तरी घरात पाणी राहतं.

पायरी ६: बसवताना समोर उभं राहून बघायच्या गोष्टी

भिंत आधी. २५ लिटरचा गिझर भरला की ३५ ते ४० किलोचा होतो. सायपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या) किंवा चार इंची पार्टिशनच्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही. आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, किंवा त्या ठोकळ्यांसाठीचे खास अँकर लावा.

वीज: २ किलोवॅटला सुमारे ९ अँपिअर, ३ किलोवॅटला १३. मीटरपासून वेगळी लाइन, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर (३ किलोवॅटला ४ चांगली), १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट गेला की तुटणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). स्विच बाथरूमच्या बाहेर. जुन्या इमारतीत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर अर्थिंग होईपर्यंत गिझर लावू नका.

पाइप: निळ्या खुणेला थंड, लाल खुणेला गरम. उलटे जोडले तर गिझर चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. फक्त गरम पाणी अर्ध्यातच संपतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नको त्या बाजूला जातो.

हा सेफ्टी व्हॉल्व्ह डब्यातच येतो. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, त्यावर बाण कोरलेला, बाजूला एक छोटी दांडी आणि एक तोटी. तो थंड बाजूला, बाण गिझरकडे करून बसवायचा. आत दोन स्प्रिंगा असतात. एक पाण्याला परत जाऊ देत नाही, दुसरी दाब वाढला की तोटीतून पाणी सोडते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिली फुगतं, आणि तेवढं पाणी त्या तोटीतून ठिबकतं. ती गळती नाही, ते त्याचं काम आहे. ठिबकणं थांबवायला तोटीत बूच मारणं किंवा व्हॉल्व्ह काढून साधा निपल लावणं म्हणजे टाकी फुटायची सोय करून ठेवणं. तोटीला बारीक नळी लावून ती जमिनीवरच्या जाळीपर्यंत सोडा. धारेच्या वाटेतलं हे सर्वात अरुंद भोक असू शकतं हे खरं आहे, पण त्यावर उपाय मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह घेणं हा आहे. व्हॉल्व्हच काढून टाकणं हा उपाय नव्हे.

पाइप जोडण्याआधी अँगल कॉक (भिंतीतून गिझरकडे पाणी देणारी छोटी तोटी) उघडून अर्धी बादली पाणी वाहू द्या. वाळू, टेफ्लॉन, सिमेंटचे कण तिथेच निघून जातात. मग जोडणी, मग गरम नळ उघडून ठेवायचा आणि हवा फसफसणं थांबून अखंड धार आली की स्विच. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापला तर पहिल्याच दिवशी जळतो.

पायरी ७: गरम बाजू कमी येते, तर कुठे शोधायचं

गिझर बंद ठेवून आधी फक्त थंड चावीने, मग फक्त गरम चावीने दहा लिटर भरा. गरम बाजूला थोडी कमी धार असणारच. पण थंडाला ६० सेकंद आणि गरमला १०० लागत असतील तर अडथळा गिझरच्या वाटेत आहे.

शोध शेवटाकडून सुरुवातीकडे न्या. प्रथम शॉवरचं तोंड काढा, जाळी बघा. मग गिझरच्या लाल तोंडाचा पाइप सोडून तो बादलीत धरा आणि वेळ मोजा. इथे धार चांगली असेल तर दोष भिंतीतल्या गरम पाइपात किंवा मिक्सरच्या गरम स्पिंडलमध्ये (चावीखालच्या फिरणाऱ्या भागात). इथेही कमी असेल तर थंड अँगल कॉक बंद करून, गरम नळ उघडून टाकीचा दाब सोडा आणि निळ्या बाजूचा पाइप काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडा. चकतीखाली वाळूचा कण किंवा टेपचा तुकडा सापडणं अगदी नेहमीचं. अँगल कॉकमधूनच कमी येत असेल तर त्याचा स्पिंडल काढा. जुन्या कॉकमध्ये रबराचा वायसर फुगून बसतो, चावी पूर्ण उघडी दिसते आणि वाट पाव उरलेली असते. दहा मिनिटांचं काम, पण बहुतेक वेळा लोक तोवर गिझर बदलून मोकळे झालेले असतात.

वरच्या मजल्यावर पाणी जाऊन परत आल्यावर फक्त गरम नळ कोरडा राहत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. गरम लाइन माळ्यावर चढून परत खाली उतरते, त्या उंचवट्यात हवा कोंडते. थंड आणि गरम दोन्ही चाव्या उघडून मिक्सरचं तोंड तळहाताने घट्ट दाबा. थंड पाणी गरम पाइपात उलटं शिरून हवा रेटतं. हे करताना गिझर बंद ठेवा. वारंवार होत असेल तर उंचवट्याच्या माथ्यावर एअर व्हेंट हवा.

थंड नळातून गरम पाणी येऊ लागलं तर बघा, हँड शॉवर बटणाने बंद करून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवल्या आहेत का. तिथे दोन्ही लाइन आतल्या आत जोडल्या जातात. मे महिन्यात दुपारी थंड नळाला गरम पाणी येतं ते मात्र गच्चीवरच्या काळ्या टाकीमुळे, तिथे प्लंबरला बोलावू नका.

गिझरमधून भात शिजल्यासारखा आवाज येतो तेव्हा एलिमेंटवर क्षार धरलेत. टँकरच्या पाण्यावर दर वर्षी, महापालिकेच्या पाण्यावर दोन वर्षांनी टाकी उघडून गाळ काढायचा, अ‍ॅनोड बघायचा. तो पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदलायचा. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी दर दोन-तीन महिन्यांनी उचलून पाणी सुटतं का बघायचं.

आणि सोसायटीची "उद्या टाकी सफाई" अशी नोटीस लागली की आदल्या रात्री गिझरचा स्विच आणि थंड अँगल कॉक दोन्ही बंद करा. पाणी परत आल्यावर आधी घरातला सर्वात खालचा, बादलीचा थंड नळ जाळी काढून पाच मिनिटं सोडा. गढूळ पाणी संपून स्वच्छ धार आली की मग अँगल कॉक उघडा, गरम नळातून अखंड पाणी येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतर स्विच.